दगडाचे दात

माझी बायको पीठ चिमटीनं जिभेवर ठेवायची आणि थुंकायची. पीठ चांगलं असो, वाईट असो, थुंकायचीच. त्या सोमवारीही थुंकली. आमचं मार्केट पाडून तिथं जो काचेचा प्लाझा उभा केलाय, त्याच्या तळमजल्यावर पिठाचं एक दुकान आहे. बाहेर मोठी पाटी, दगडी चक्कीचं ताजं पीठ. आत चक्की नाही, नुसती पाकिटं. तिनं एक पाकीट उचललं, काउंटरपर्यंत जायचीही वाट बघितली नाही, दातानं कोपरा फाडला, चिमूटभर तोंडात टाकलं आणि आरशासारख्या फरशीवर थुंकली.

“जला हुआ है,” काउंटरवरच्या मुलीला म्हणाली. “मालिक को बोल, आटा पीसते हैं, मुर्दा नहीं फूँकते.”

मुलीनं निमूटपणे फरशी पुसायला माणूस बोलावला. दारावरचा गार्ड आला. तो आता आम्हाला चांगला ओळखायला लागला होता.

“माताजी, हर सोमवार ये करना ज़रूरी है?”

“बाकी दिन मेरी दुकान रहती थी. सोमवार को मार्केट बंद.”

“दुकान को तो ज़माना हो गया, माताजी.”

“तेरे लिए हुआ होगा.”

पाकीट फाडलं म्हणून घ्यावं लागलं. ते मी काखेत मारलं. दुकानाच्या तोंडाशी लोखंडी तिवईवर एक दगड ठेवलाय. आमच्या चक्कीचा वरचा दगड. मशिनवर घासून, वर चकचकीत रोगण मारून शोभेला ठेवलाय, आणि मधल्या भोकात प्लॅस्टिकचं झाड खोचलंय. त्याच्यावर तिनं नेहमीसारखा तळवा फिरवला. “मुडद्यांनी दात पाडले,” म्हणाली. मग गार्डाकडे वळली. हेही दर सोमवारचं.

“आज छेनी मारने देगा?”

“अलाउड नहीं है, माताजी. किसी की आँख में कुछ चला गया तो?”

“मेरी में गया था. मर गई मैं?”

आम्ही घरी आलो. दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम.

आमच्या ब्लॉकमधल्या कुलकर्णी वहिनी इथल्या, दिल्लीतल्या मराठी मंडळाचा अंक काढतात. म्हणाल्या, काका, काकूंबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या. तिनं स्वतः आयुष्यात कोणाबद्दल चार चांगले शब्द काढले नाहीत, मी कुठून आणू? मी चौथीपर्यंत शिकलो. जशी होती तशी लिहितो. ज्यांनी असली मार्केटं बघितली असतील, त्यांना अशी बाई माहीत असणारच. ज्यांनी बघितली नाहीत, ते सुटले.

मार्केटमध्ये तोंडावर तिला भाभी म्हणायचे आणि पाठीमागे छेनी. छेनी म्हणजे आपली टाकी, दगडाला मारायची. चक्कीचे दगड दळून दळून गुळगुळीत होतात. मग ते दळत नाहीत, नुसतं पीठ तापवतात. म्हणून दर थोड्या दिवसांनी दगड उतरवायचे आणि टाकीनं त्यांच्यावर बारीक बारीक टाके मारून ते खरखरीत करायचे. दगडाला दात आणायचे, असं ती म्हणायची. हे काम बाकीच्या चक्क्यांवर बाहेरून माणूस येऊन करायचा. आमच्याकडे ती करायची. साडी गुडघ्यापर्यंत खोचून दगडाच्या पुढ्यात फतकल मारून बसायची आणि ठक ठक सुरू. त्या आवाजात समोरचा हलवाई गिऱ्हाइकाशी बोलू शकायचा नाही. त्यानं ओरडून सांगितलं की ही आणखी जोरात मारायची.

टाकी तिच्या बापाची. आम्ही साताऱ्याकडचे. तिचा बाप गावोगाव जात्यांना टाकी लावत फिरायचा. माझ्या आईनं जन्मभर त्याच्याकडून जात्याला टाकी लावून घेतली, पण त्याची पोरगी मी लग्न करून आणली तेव्हा तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. “टाकी अंगणातच मारतात,” एवढंच म्हणाली. ही अंगणातूनच परत फिरली. जाताना जोत्यावरचं जातं बघून म्हणाली, “सासूबाई, दगड गुळगुळीत झालाय. आता कोणी येणार नाही. दातानं चावून खा.” तिची आणि माझ्या आईची एवढीच भेट.

म्हणून दिल्ली. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात आमच्या गावचा एकजण शिपाई होता, त्यानं मला तिथं स्वयंपाकघरात भांड्यांना लावलं. पुढं कॉलनीच्या मार्केटमधला एक पंजाबी म्हातारा पोराकडे परदेशी निघाला, त्याची चक्की आम्ही घेतली. मार्केट घोड्याच्या नालेसारखं होतं. मध्ये पिंपळ, त्याच्याखाली स्कूटरी. एका टोकाला हार्डवेअरवाला, तो मार्केटचा प्रधान, म्हणजे दुकानदारांचा अध्यक्ष. मग हलवाई, ड्रायक्लीनर, स्टेशनरी, आणि दुसऱ्या टोकाला आम्ही. आमच्या पुढ्यात फुटपाथवर एक सरदारजी सायकलींचे पंक्चर काढायचा. आमच्या पिठाचा धुरळा वाऱ्याबरोबर सगळ्यांकडे जायचा. ड्रायक्लीनरनं धुऊन टांगलेले काळे कोट दुपारपर्यंत पांढरे व्हायचे. तो भांडायला आला तर ही म्हणायची, “कोट गिऱ्हाइकाचा, घालून लग्नाला जातोस तू, आणि पीठ माझं दिसतं तुला?” तो खरंच घालायचा. पण हे ती पुऱ्या मार्केटला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

ती खोटं बोलायची नाही. वाईट तेच होतं. हलवाई पोरीची सोयरीक जमवत होता, मुलाकडचे दुकानात जिलबी खात बसले होते. ही सुट्टे पैसे मागायला गेली आणि म्हणाली, “अरे, मेहमान को तो ताज़े तेल का खिला. ये तो पिछली दिवाली का है.” सोयरीक झाली, पण हलवाई पुढं वर्षभर आमच्याकडे बघायचा नाही. प्रधानजीला त्याच्या पोटावरून जे म्हणायची ते इथं लिहिता येणार नाही. वहिनी अंकात घेणार नाहीत.

डोळ्याची गोष्ट सांगतो. एकदा टाकी मारताना दगडाची कपची उडाली आणि डाव्या डोळ्यात गेली. डोळा गेला. डॉक्टर म्हणाला, आता तरी काम करताना चष्मा लावत जा. ही म्हणाली, “दोन होते तेव्हा लावला नाही. आता एकासाठी कशाला खर्च?” तिचा डोळा बरा होईपर्यंत मी दगडाला टाकी लावून बघितली. ती पट्टी बांधून आली, बोटानं टाके चाचपले आणि म्हणाली, “हे काय केलंत? गाढव मुतल्यावर धुळीत रेघ उठते तशी रेघ उठलीय. सरका.” मला तिनं जन्मभर अहो-जाहो केलं. गाढव म्हणायची, पण ‘तुम्ही गाढव’ असं. त्यानंतर टाकीला माझा हात लागू दिला नाही. टाकी आणि हातोडी एका जुन्या उशीच्या खोळीत घालून ठेवायची, माणसानं बंदूक ठेवावी तशी.

आमच्या धंद्यात एक गोष्ट असते. चक्की कितीही साफ करा, दोन दगडांच्या मध्ये आधीच्या माणसाचं मूठभर पीठ राहतंच. ते पुढच्याच्या डब्यात जातं, आणि पुढच्याचं मूठभर त्याच्या पुढच्याला. चक्कीवाले हे बोलत नाहीत. ही बोलायची. मागच्या ब्लॉकमधली एक बाई यायची, सोवळ्याची, तिला आपलं पीठ वेगळं पाहिजे.

“पहले मशीन साफ करो. हमारे आटे में किसी और का नहीं आना चाहिए.”

“आएगा,” ही म्हणाली. “तेरे पहले शबनम का बाजरा था. एक मुट्ठी तेरे डिब्बे में जाएगा. पिछले हफ्ते तेरा उसके डिब्बे में गया था. उसने तो कै नहीं की.”

शबनम तिथंच उभी होती, तोंडाला पदर लावून हसत होती. बाई तणतणत डबा उचलून गेली. पण दुसरी चक्की मोठ्या रस्त्यापलीकडे होती, आणि उन्हाळ्याचे दिवस. शुक्रवारी आली परत. हिनं डबा घेतला आणि म्हणाली, “आज तेरे पहले मेरा खुद का है. वो तो और बुरा.”

मला टायफॉइड झाला तेव्हाचं सांगतो, म्हणजे तिची माया कळेल. मी तापानं फणफणलेला. ही दुकानातून पिठानं माखलेली यायची, भुतासारखी, पेज करून पाजायची आणि म्हणायची, “मरायचं असेल तर सोमवारी मरा. बाकीच्या दिवशी माझ्याच्यानं दुकान सोडून घाटावर येणं व्हायचं नाही.” सोमवार आला की दिवसभर उशाशी बसून राहायची. हलायची नाही. मंगळवारी सकाळी मी जिवंत आहे बघून टाकी-हातोडी घेऊन निघायची.

मग टीव्हीवर चॅनेल वाढले आणि पीठ पाकिटात आलं. सुरुवातीला आम्ही हसलो. पाकिटातलं पीठ कोण खाईल? सगळ्यांनी खाल्लं. सरकारी नोकरीतली जुनी माणसं निवृत्त होऊन नोएडाला सेक्टरात गेली, त्यांची पोरं गुडगावला उंच टॉवरात. आमचा राजूही तिकडंच गेला, कंपनीत. कॉलनीत नवीन आले त्यांना मोटार उभी करायला जागा पाहिजे होती, चक्की नको होती. पुण्या-मुंबईची काही तरुण मंडळी भाजणी दळायला लांबून यायची. गुडगावची एक मुलगी यायची, “मावशी, जरा बारीक हं.” ही म्हणायची, “बारीक पाहिजे तर पावडर लाव तोंडाला. भाजणी अशीच.” तीही पुढं यायची बंद झाली. राजूनं आईसाठी घरघंटी आणली, कपाटाएवढी, घरात दळायची. “आई, बिल्कुल आवाज नाही बघ. तू आता बटन दाब, बस.” तिनं ती दाराशी ठेवली आणि आत चपला ठेवायला लागली. राजू आला की त्याच्याही चपला त्यातच ठेवायला लावायची.

दुपारी मार्केटमध्ये कुत्री झोपायला लागली तेव्हा प्रधानजीनं बिल्डरचा माणूस आणला. मे महिन्यात कोट घातलेला. पिंपळाखाली टेबल लावलं आणि त्यावर थर्माकोलचं नवीन मार्केट ठेवलं, वर काच. खोटी झाडं, खोट्या मोटारी, काडीएवढी माणसं. प्रत्येकाला नव्या इमारतीत गाळा मिळणार, सगळे बघायला वाकले. ही गर्दीत घुसली.

“इसमें मेरी चक्की कहाँ है?”

“अम्माजी, ये तो कॉन्सेप्ट है...”

“उँगली रख के बता.”

त्यानं काच उचलून पेन्सिलीचं टोक एका दारावर टेकवलं. “ये आपकी.” हिनं आपला अंगठा जिभेला लावला, पदराच्या पिठात बुडवला आणि त्या दारावर दाबला. थर्माकोलवर पांढऱ्यावर पांढरा ठसा, पण उन्हात दिसत होता. मला म्हणाली, “झालं. आता फिरायचा नाही तो. सगळ्यांसमोर बोट ठेवलंय.” तिच्या बापाच्या धंद्यात असंच होतं. मालकिणीनं जात्यावर बोट ठेवून सांगितलं, इथं मार, की तो करार. कागद तिनं बघितलाच नाही. कागदावर माझी सही घेतली. बिल्डरचा माणूस गेल्यावर हलवाई म्हणाला, “भाभी, मॉडल गंदा कर दिया.” ही म्हणाली, “शुक्र कर तूने हाथ नहीं लगाया, नहीं तो तेल से चिकना हो जाता.”

मार्केट पाडलं. आम्ही घरी बसलो. मशिनरी ठेकेदारानं नेली, म्हणाला ठेवून देतो. इमारत उभी राहिली तशी ती रोज जाऊन रस्त्याच्या पलीकडून बघायची. तिथं उभ्या उभ्या ठरवायची की पट्टा कुठून येईल, दगड कुठं बसेल. मी म्हणालो, उन्हात कशाला जातेस रोज? म्हणाली, “दगड बसवायचा तर भिंत ओळखीची पाहिजे.”

गाळे वाटायच्या आधी दुकानदारांची मीटिंग झाली, नव्या हॉलमध्ये, नव्या खुर्च्यांवर. समोसे होते. बिल्डरच्या माणसानं सांगितलं, आमची काहीच हरकत नाही, पण आवाज आणि धूळ करणारे धंदे आत घ्यायचे की नाही हे तुमच्या असोसिएशननं ठरवायचं. आवाज आणि धूळ करणारा धंदा एकच होता. प्रधानजी उठला, खूप गोड बोलला. भाभी आमच्या घरची आहे म्हणाला. पण एसी आहे, काच आहे, ज़माना बदलला आहे म्हणाला. ज्यांना चक्की नको त्यांनी हात वर करावा.

हलवाईचा हात पहिला. ड्रायक्लीनरचा दुसरा. मग स्टेशनरी, मग ते नवीन आलेले दोघे ज्यांना तिनं अजून शिवीही दिली नव्हती. सगळे. इतक्या वर्षांचं सगळ्यांचं एकदम निघालं. हात वर करताना कोणाला वाईट वाटतंय असं मला दिसलं नाही. हलवाई तर हात वर ठेवून दुसऱ्या हातानं समोसा खात होता. सायकलवाल्या सरदारजीचा तेवढा हात वर नव्हता. पण तो फुटपाथवरचा, त्याला मतच नव्हतं, तो दारात उभा राहून बघत होता.

ती उठून उभी राहिली. एका डोळ्यानं एकेकाकडे बघितलं.

“उठाओ,” म्हणाली. “और ऊपर उठाओ. बगल का पसीना भी दिखने दो.”

दोघांनी खरंच हात खाली घेतले, पण मोजून झालं होतं.

घरी आलो. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. भिंतीला टेकून बसली.

“मी एकाबद्दल तरी खोटं बोलले होते का हो?”

“नाही.”

“मग?”

“म्हणूनच.”

तिला हे खरंच माहीत नव्हतं. दगडाला दात असले तरच पीठ पडतं, एवढं शिकून ती दिल्लीला आली होती. माणसांचंही तसंच असेल असं तिला वाटायचं.

आम्हाला तळघरात गाळा दिला. कपडे विका म्हणाले. आम्ही तो मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्यानं दिला. पाऊल ठेवायचं नाही असं ठरवूनही पहिल्याच सोमवारी ती प्लाझात गेली, मी मागोमाग. दारातच तो दगड दिसला. ठेकेदाराकडून कोणा सजावटवाल्यानं उचलला होता. प्रधानजी तिथंच होता, पोट घेऊन.

“भाभी, देखो, आपकी निशानी रखवा दी. लोग फोटो खींचते हैं.”

“मार के खोपड़ी सजाई,” ही म्हणाली, “और बोलता है निशानी.”

तिनं दगडावर हात फिरवला. आधी कळलं नाही तिला, पुन्हा फिरवला. मग माझा हात धरून त्याच्यावर ठेवला. काचेसारखा गार आणि गुळगुळीत. बापाच्या टाकीनं तिनं मारलेला एक एक टाका मशिनवर घासून काढला होता. मार्केट पाडलं तेव्हा रडली नव्हती, हात वर झाले तेव्हा रडली नव्हती. तिथं एका डोळ्यातून पाणी आलं. दुसऱ्यातून येत नसे. म्हणाली, “चक्की बसवू दिली नाहीत, ठीक. निदान याला असं ठेवू नका. मी एकदा टाकी लावते, मग ठेवा कुठं ठेवायचा तो.” प्रधानजी हसला. भाभी, अब ये पीसेगा थोड़े ही?

तेव्हापासून दर सोमवारी आम्ही जायचो. उशीची खोळ तिच्या पिशवीत असायची. पीठ चाखायची, थुंकायची, गार्डाला विचारायची. गार्ड नाही म्हणायचा. गार्ड बदलले, त्यांचं ‘नाही’ काही बदललं नाही. मी एकदा वैतागून म्हणालो, “मेलेल्या दगडाला दात आणून काय करणार आहेस?” म्हणाली, “तुम्ही मेलात की तुमचे दात उपटून तोंडाला रोगण मारू का?”

तर त्या सोमवारी आम्ही घरी आलो. तिनं त्या फाडलेल्या पाकिटातलंच पीठ मळलं, शिव्या देत. पोळ्या केल्या. पीठ खरं सांगायचं तर बरं होतं, पोळ्या मऊ झाल्या होत्या. हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. जेवली, आडवी झाली, आणि चहाच्या वेळेला मी हाक मारली तर गेलेली होती. सोमवारीच. डॉक्टर म्हणाला हार्ट. तिला हार्ट होतं हे मार्केटमधल्या पुष्कळ जणांना त्या दिवशी कळलं.

राजू आणि सूनबाई गुडगावहून आले. दिवस मावळायच्या आत घाटावर नेली. सरदारजी आला होता. प्रधानजी आला नाही, प्लाझात कसलं तरी उद्घाटन होतं. घरी परतल्यावर कुलकर्णी वहिनींनी ती गेली त्या जागी करायचं ते सुरू केलं. आपल्यात त्या जागेवर पीठ पसरतात, त्यावर दिवा ठेवतात आणि वर पाटी झाकतात. सकाळी पाटी उचलून पिठात कशाचं पाऊल उमटलंय ते बघतात. त्यावरून माणूस पुढं कशाच्या जन्माला गेलं ते कळतं म्हणे.

“बाबा, आजकल हे कोणी करत नाही यार,” राजू म्हणाला.

“करू दे,” मी म्हणालो.

वहिनींनी पीठ मागितलं. घरात तेच पाकीट होतं. चक्कीवालीच्या घरात मूठभर दळलेलं पीठ नव्हतं. सूनबाईनं पाकीट उलटं केलं, वहिनींनी हातानं सारखं पसरलं. मी बघत होतो. या पिठावर ती पाऊल ठेवेल असं मला वाटत नव्हतं. थुंकेल, असं वाटत होतं.

सकाळी सगळे अंघोळी करून पाटीभोवती जमले. वहिनी म्हणाल्या, “काका, या. तुम्ही उचला.” मी म्हणालो, तुम्हीच बघा. खुंटीवरची तिची पिशवी काढली आणि निघालो. राजू मागून ओरडला, “बाबा, कुठं चाललात?” दारात घरघंटीतून चपला काढल्या आणि घातल्या.

प्लाझा नुकताच उघडत होता. शटर अर्धं वर होतं. मी खाली वाकून आत गेलो. तोच गार्ड होता. मला बघून त्यानं माझ्या मागं बघितलं.

“आज तो मंगलवार है, अंकल. माताजी?”

“मर गई.”

मी पिशवीतून उशीची खोळ काढली, खोळीतून टाकी आणि हातोडी. त्यानं ती आयुष्यात पहिल्यांदा बघितली असणार. आत्तापर्यंत म्हातारीची बडबडच वाटली असेल त्याला.

“अंकल, अलाउड नहीं है.”

“पता है.”

मी भोकातलं प्लॅस्टिकचं झाड उपटलं आणि बाजूला ठेवलं. दगड तिवईवरून उतरवायची ताकद नव्हती, म्हणून उभ्यानंच टाकी टेकवली. गार्ड खांद्यावरच्या वायरलेसवर कोणाला तरी बोलवायला लागला. मी डावा डोळा मिटला आणि हातोडी मारली. टाकी रोगणावरून घसरली. पुन्हा टेकवली, पुन्हा मारली. या खेपेला दगड लागला, कपची उडाली. टाका वाकडा गेला, गाढव मुतल्यासारखा. मी त्याच्या शेजारी दुसरा मारला.